ज्याचा हात मोकळा

बंडगर सरांच्या शोकसभेत आमच्या कॉलेजातले सगळे इतकं छापील बोलले की मला मधूनच उठून जावंसं वाटत होतं. ज्ञानतपस्वी काय, विद्यार्थिप्रिय काय, कधीही न भरून निघणारी पोकळी काय. सर स्वतः तिथं असते तर मागच्या बाकावरून माझ्याकडे वाकून म्हणाले असते, "मॅडम, हे कुणाबद्दल बोलायलेत?" हृदयाच्या ऑपरेशननंतर थोडे दिवस ते बरे होते आणि मग अचानक गेले. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर कितीतरी वर्षं बसले. सभेत मात्र माझ्या तोंडून एक वाक्य धड निघालं नाही, आणि घरी आल्यावर सगळं आठवत बसले.

सर कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचे. उंच, किंचित पोक आलेले, पांढरा हाफ शर्ट आणि खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम वाळलेलं. सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातले. माळावर लांब गेलेल्या मेंढरांना हाका मारून तयार झालेला आवाज होता. माइकची गरज त्यांना नव्हती. उलट त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गात मी दार लावून घ्यायची. तरी भिंतीतून "हितं बघा की रे, हितं!" ऐकू यायचंच, आणि माझ्या वर्गातली पोरंही फळ्याकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघायची.

आमच्या विभागात दुपारचा डबा म्हणजे सोहळा असतो. कुणाच्या डब्यात शेंगाची चटणी, कुणाची कडक भाकरी, कुणाच्या सासूनं मुद्दाम धाडलेलं काहीतरी. सगळे डबे टेबलाच्या मध्ये येतात आणि मग कोणाचं काय हे कुणी विचारत नाही. या पंगतीला बंडगर सर कधी म्हणजे कधी नसायचे. एक वाजायच्या आत ते टेबल आवरायचे, स्कूटरची किल्ली उचलायचे आणि निघायचे. प्राचार्यांनी मीटिंग लावली तरी, बाहेरून तपासणीला माणसं आली तरी. सोलापूरच्या उन्हात, जेव्हा सात रस्ता चौकात कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा हा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून जुळे सोलापूर भागातल्या घरी जायचा आणि दोनच्या तासाला परत हजर. कुणी म्हणे क्लास घेतात, कुणी म्हणे बायकोच्या हातचं गरम लागतं. मी म्हणायची, बायको कडक असेल, हजेरी घेत असेल. सर हसून निघून जायचे.

त्यांचं शिकवणं कसं होतं हे मी सांगण्यापेक्षा शेंगांचा तास सांगते. तो तास मी दारात उभी राहून पाहिला, कारण आवाज ऐकून मला वाटलं वर्गात मारामारी झाली.

सरांनी पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. टेबलावर ढीग ओतला आणि चार पोरांना पुढं बोलावलं. "पूर्वी कॉम्प्युटरमध्ये कोअर एकच असायचा. म्हणजे कामाला गडी एकच. कंपन्या त्याचाच वेग वाढवत बसायच्या. पण गडी पळून पळून पळणार किती? तापायला लागला. मग त्यांनी एकाच्या जागी चार, आठ गडी ठेवले. आता आपला जुना प्रोग्राम काय करतो बघा." मग त्यांनी एकट्या पोराला शेंगा फोडायला लावलं आणि बाकी तिघांना हाताची घडी घालून उभं केलं. तो बिचारा फोडतोय आणि तिघं दात काढतायत. वर्ग हसायला लागला. "हसू नका," सर म्हणाले, "तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हेच चाललंय. चौघांचा पगार, एकाचं काम."

मग त्यांनी ढिगाचे चार सारखे वाटे केले. त्यातली लावण्या नावाची मुलगी नखं जपत शेंगा सोलत होती. बाकीचे तिघं मोकळे होऊन टाळ्या पिटत उभे, आणि हिचा वाटा तसाच. "बघा," सर म्हणाले, "वाटे सारखे केले म्हणून काम सारखं झालं का? प्रोग्राम लिहिणाऱ्याला काय माहीत कुणाची नखं वाढलेली आहेत?"

तिसऱ्या खेपेला सर स्वतः ढिगापाशी उभे राहिले. "आता मी ऑपरेटिंग सिस्टिम. काम कोण करणार हे तुम्ही ठरवायचं नाही. काय करायचंय तेवढं सांगायचं आणि ढिगात टाकायचं. चारी जणांचे हात मला एकट्यालाच दिसतात. ज्याचा हात मोकळा, त्याच्या हातात पुढची मूठ." आणि खरंच, मूठ मूठ देत त्यांनी ढीग बघता बघता संपवला. नखवाली हळू सोलत होती तरी कुणाचं अडलं नाही. जुन्या काळी ही सगळी वाटणी प्रोग्राम लिहिणाऱ्यानं अंदाजानं करायची असायची आणि आता सिस्टिम ती अंगावर घेते, एवढंच त्या धड्यात होतं. पुस्तकात त्याला बरीच पानं लागली आहेत.

तेवढ्यात प्राचार्य तिथून चालले होते. जमिनीभर टरफलं, पन्नाससाठ तोंडं चघळतायत. "बंडगर, हे काय आहे?"

"प्रॅक्टिकल आहे, सर," बंडगर सर म्हणाले आणि मूठभर दाणे त्यांच्याही हातावर ठेवले.

मग आमच्या लॅबमध्ये आठ कोअरचे नवे कॉम्प्युटर आले. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि आठवड्याच्या आत ओरड सुरू झाली की हे जुन्यांपेक्षा काही वेगळे नाहीत. परीक्षेत मुलांचे प्रोग्राम तपासायला सरांनीच पूर्वी एक प्रोग्राम लिहिला होता. तो तर पहिल्यासारखाच रेंगाळत होता. सरांनी मला पडद्यावर आठ कोअरच्या आठ पट्ट्या दाखवल्या. एक काठोकाठ भरलेली, सात नुसत्या रिकाम्या.

"मेंढरं अशीच असतात, मॅडम," ते म्हणाले. "विहिरीवर पाण्याच्या चार डोणी भरून ठेवा. सगळी मेंढरं एकाच डोणीवर चेंगरून मरतील. कुठल्या? जितं धनगर हुबा असतो त्या." गावाकडची गोष्ट निघाली की त्यांची भाषाही गावाला जायची.

त्याच दिवसांत एकदा त्यांची स्कूटर बंद पडली. एक वाजत आलेला. सर किक मारतायत, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर अशी घालमेल की मला चेष्टा सुचेना. रिक्षा दिसेना. मी म्हटलं, "बसा माझ्या गाडीवर." सर अंग चोरून मागे बसले आणि घर येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "जरा दमानं चालवा म्हटलं असतं, पण आज नको."

घराचं दार उघडंच होतं. खोलीत खिडकीपाशी, मागे उशा लावून, सरांचा धाकटा भाऊ बसला होता. बिरू. हातपाय वाळलेल्या फांदीसारखे वाकडे, मान एका अंगाला, दाढीत पांढरे केस आलेले, आणि डोळे मात्र लहान मुलाचे. जन्मल्यापासून तो असाच. सरांना बघून त्याचं सगळं अंग हललं. सरांनी हात धुतले, भाकरी दुधात कुस्करली, त्याची हनुवटी थोडी खाली घेतली आणि एवढासा घास तोंडात ठेवला. मग गळ्यावरून बोट खाली फिरवत थांबले. घास उतरला हे बोटाला कळल्यावर पुढचा. मध्ये एक शब्द नाही. वर्गात भिंती हलवणारा हा माणूस त्या खोलीत श्वाससुद्धा हळू घेत होता. मला कोण जाणे का, रडू यायला लागलं, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

तिथं शालनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओट्याला टेकून उभ्या होत्या. मला पाणी दिलं. "रोज असंच हाय बघा," त्या म्हणाल्या. "सकाळी तेच, दुपारी तेच, राती तेच. मी आंगूळ घालते, कापडं बदलते, औषीद देते. घास तेवढा माज्या हातनं न्हाय. लगीन होऊन आले तवापास्नं न्हाय. मला काय हात न्हाईत व्हय?"

कारण मला मागाहून कळलं. सर कॉलेजात शिकत असताना गावाकडे कुठल्याशा लग्नात एका मावशीनं मायेनं बिरूच्या तोंडात पोळीचा तुकडा दिला. तो अडकला. पोर काळंनिळं पडलं. सरांनी त्याला पालथा धरून पाठीत बुक्क्या घातल्या तेव्हा श्वास परत आला. पुढं आई जाताना म्हणाली, "बिऱ्याला तुज्या हातानं घाल." आई बोलायचं म्हणून बोलली असेल, सरांनी ते अक्षराला धरून ठेवलं. ते कधी परगावी मुक्कामाला गेले नाहीत. मुंबईची नोकरी आलेली सोडली, पीएच.डी. सोडली, मित्रांची लग्नं सोडली. डब्याच्या वेळी आम्ही ज्यावरून हसायचो ते हे होतं.

तपासणीच्या प्रोग्रामची गोष्ट राहिली. तो का रेंगाळतो हे शोधायला सरांनी लावण्यालाच बसवलं होतं. आता तिची नखं कापलेली होती. एक दिवस ती स्टाफरूममध्ये आली आणि बिचकत म्हणाली, "सर, तुम्ही प्रोग्राममध्ये सगळ्या कामाच्या बाहेरून एकच कुलूप घातलंय. एक काम आत गेलं की बाकीच्यांना दारात थांबावं लागतंय. आठ कोअर असले तरी काय करणार?"

सर खो खो हसले. "माझंच कुलूप आहे ते! एकदा दोन पोरांचे मार्क एकमेकांत मिसळले होते. घाबरलो आणि सगळ्यालाच कुलूप घातलं." मग तिला खुर्ची देऊन समजावत बसले की यात लाजायचं कारण नाही, मोठमोठ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येसुद्धा सुरुवातीला असंच एक दांडगं कुलूप होतं आणि ते फोडून लहान लहान करायला शहाण्या माणसांची वर्षं गेली. "कुलूप भीतीनं घातलेलं असतं. भीती काही खोटी नसते. पण सगळ्या घराला घालायचं का नुसत्या तिजोरीला, ते कळायला लागतं." लावण्या मान डोलवत होती. मी सरांच्या घरी जाऊन आले होते, त्यामुळे मला बिरूचा घास आठवला. प्रोग्राम मात्र पळायला लागला. आठही पट्ट्या भरलेल्या बघून सरांनी लावण्याला चहा पाजला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सर जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून नोटिस बोर्ड वाचायला लागले. मी एकदा म्हटलं, "सर, नोटिस पाठ झाली असेल आता." ते हसले, पण हसताना दम लागला. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिन्या चोंदल्यात, ऑपरेशन करा, आणि नंतर पुष्कळ दिवस विश्रांती. सर म्हणाले, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली तर म्हणाले, ऊन उतरू दे. ऊन उतरल्यावर म्हणाले, बघू. डॉक्टर रागावले, वहिनी रडल्या, आणि बघू काही संपेना.

शेवटी एक दिवस मीच चिडले. माझा स्वभावच तसला. आमच्या घरी मला फटकळ म्हणतात ते उगाच नाही. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "सर, थोडे दिवस बिरूला कोण भरवणार म्हणून तुम्ही ऑपरेशन टाळताय. आणि कायमचे गेलात तर? मग कोण भरवणार? वर्गात पोरांना सांगता, ज्याचा हात मोकळा त्याला द्या. घरात वहिनी मोकळे हात घेऊन एवढी वर्षं उभ्या आहेत, आणि तुम्ही ढिगावर बसून राहिलाय!"

सरांचा चेहरा उतरला. मग पुढं बरेच दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. पेन वाळलं तरी माझ्याकडे मागायचे नाहीत, लांबच्या टेबलावरून आणायचे. मला वाटलं, मेलं, आपण जास्तच बोललो.

आणि एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "शिकवायला घेतलंय," म्हणाले.

कुणाला, काय, हे मला विचारावं लागलं नाही. सर वहिनींना घास भरवायला शिकवत होते, जसं वर्गात शिकवायचे तसं. हनुवटी किती खाली, घास केवढा, बोट कुठं ठेवायचं. वहिनी हसून सांगायच्या, मला परीक्षेला बसल्यागत वाटतंय. पण विद्यार्थीण पक्की झाली आणि अडलं ते बिरूपाशी. वहिनींचा घास जवळ आला की तो ओठ मिटायचा आणि मान वळवून सरांकडे बघायचा. चमचा टेकवून ठेवला तरी नाही. सर शेजारी बसून म्हणायचे, "खा की रे, वहिनी हाय ती, खा." तो नुसता सरांकडे बघायचा. शेवटी सरांनाच भरवावं लागायचं. असं रोज. दवाखान्यात दाखल व्हायची तारीख ठरलेली, आणि बिरूचं तोंड काही उघडेना. सर रडकुंडीला आले. म्हणाले, "मॅडम, मी दवाखान्यात आणि हा हितं उपाशी मरतोय, असंच दिसायलंय मला."

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, दुपारी घरी येता का? जरा काम आहे." मी गेले. सर अंगणात फाटकापाशी, उन्हात उभे होते. मी आत जायला निघाले तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"शालन म्हणाली, तुमी हितं बसला की भावजी माज्याकडं कशाला बघतील? लांब सरा. म्हटलं, कुठं सरू? म्हणाली, घराच्या भाईर." ते खाली बघत म्हणाले, "भाईर आलोय. पण माझा माझ्यावर भरवसा न्हाय. तुमी मला धरून ठेवा."

एवढा थोराड माणूस. मी त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली. दुसरं काय करणार? आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो. खिडकी उघडी होती, पण आतलं दिसत नव्हतं. ताटलीवर चमचा वाजला. मग काही नाही. मग पुन्हा चमचा वाजला. वहिनींचा आवाज आला, "असू दे, भावजी. न्हाय तर न्हाय. मी बसलेय की हितंच." त्या आवाजात घाई अजिबात नव्हती. सरांचे ओठ हलत होते. बहुतेक ते मनातल्या मनात घास मोजत होते, नाहीतर देवाचं नाव घेत असतील.

पुष्कळ वेळ गेला. आणि आत बिरूला ठसका लागला.

सरांनी असा झटका दिला की माझ्या मुठीतली बाही उसवली. मी दोन्ही हातांनी धरलं. "थांबा," मी म्हटलं, "थांबा, सर." ठसका पुन्हा आला. "भावजी, मान खाली. हां. सावकाश. झालं, झालं," वहिनींचा आवाज तसाच, शांत. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ठसका थांबला. आत पुन्हा सामसूम झाली. आणि मग खिडकीतून एक आवाज आला, घशातून काढलेला, लांबट, थोडा हट्टी. मी घाबरले. मला वाटलं बिरूला काहीतरी होतंय.

सरांनी डोळे उघडले. "मागतोय," ते म्हणाले.

"काय?"

"घास. पुढचा घास मागतोय तिला." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "असंच मागतो तो. पैला घास गेला असणार पोटात, त्याशिवाय न्हाय मागत."

मी त्यांची बाही सोडली. ते आत गेले नाहीत.